तुराटीचा गज

शनिवारी सकाळी साडेसहाची यवतमाळ-खैरधरा.
कंडक्टर पेट्यांकडे बघतो: पाच आहेत, लगेज लागेल.
मी म्हणते, पाचही मिळून एका बकरीएवढ्या नाहीत.
तो हसतो, तरी तिकीट फाडतो.

झेडपीच्या शाळेत, पोषण आहाराच्या कोठीशेजारी
सतरंजीवर अकरा जण.
व्हायोलिनं पाच.
उरलेल्या सहांच्या हातात तुराटी,
धुऱ्यावरून मोडून आणलेली, फाटे सोललेली.
तीच त्यांचा गज.
हवेत ओढायची, सरळ, खांदा न उचलता,
आणि मनात सा धरायचा.
कोणाचा सा वाकडा गेला
ते मला चेहऱ्यावरून कळतं.

फी नाही. अट एकच, नखं कापलेली हवीत.
पहिल्या दिवशी तासभर
एकच नेलकटर रांगेतून फिरत होतं,
तोच आमचा पहिला धडा.

आहार शिजवणाऱ्या कुसुमबाईंनी विचारलं,
"हे शिकून काय भेटते जी?"
मी तीन उत्तरं पाठ करून आले होते.
एकाग्रता, संस्कार, तिसरं आता आठवतही नाही.
म्हटलं, बसून पाहा.
त्या बसल्या, पदरात तांदूळ निवडत.
मग डाळ उतू जाईल म्हणून उठल्या,
जाताना दार मात्र हळू लावलं.

मंगरू टेकाम गज धरतो
गोफण धरल्यासारखा.
मी बोटं सरळ करायला गेले,
मग राहू दिलं. सूर नीट येत होता.

एप्रिलात पारा पंचेचाळीसवर,
लाकूड आकसतं, खुंट्या सुटतात.
फळ्याचा खडू खुंट्यांना घासत होते,
तेव्हा दारात करामतभाई पिंजारी उभे,
नातीला, रुबिनाला, न्यायला आलेले.
"बाई, तिसरी तार उतरली तुमची. कवाचीच."

उतरली होती. केसभर.
माझ्या विशारदच्या कागदाला घाम फुटला.

पंचम हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता,
ठाऊक होती तांत.
चाळीस वर्षं कापसातली ओल
ते कानानं ओळखत आले.
ओला असला की धनुकली जड बोलते, म्हणाले,
वाळला की टणकन.
मग गावात फोमच्या गाद्या आल्या
आणि धनुकली गेली माळ्यावर,
उंदरांनी तांत खाल्ली.

तुटलेल्या तारा मागून नेल्या त्यांनी.
कशाला, सांगितलं नाही.
पुढच्या शनिवारी आले ते
तेलाचे दोन रिकामे डबे घेऊन,
प्रत्येकाला बांबूची दांडी,
दांडीवर ताणलेली माझीच तुटकी तार.
आवाज डब्यासारखाच.
पण तुराटीवाल्यांतले दोघे आता ऐकू येतात.
म्हणजे बेसूर ऐकू येतात,
आधी निदान शांत होते.

व्हायोलिन आठवडाभर घरी न्यायचं, पाळीनं,
वहीत सही करून.
हेडमास्तर घाबरले, फुटलं तर?
म्हटलं, चिकटवू.
पेटीत ठेवलेलंही फुटतं सर, नुसत्या उन्हानं.

बुधवारी रात्री फोन वाजला.
कोणी बोलेना.
नुसता सा.
मागे कुत्रं, कोणाची तरी भांडी,
करामतभाईंचा जुना खोकला.
सा जरा चढला.
मी तोंड उघडणार,
तोच पलीकडे खोकला थांबला
आणि सा उतरू लागला,
उतरला,
बसला.

तिचा बॅलन्स संपेपर्यंत
आम्ही तिघंही काही बोललो नाही.